वर्गात झोपणाऱ्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म : मुख्याध्यापकांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

नववीचा निकाल हातात देतानाच माझ्या मुलीच्या शाळेनं आम्हा नवराबायकोला सांगितलं, की तिचा दाखला काढून घ्या आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. मुलगी पास झाली आहे. हजेरी पुरेशी आहे. कारण मागितलं तेव्हा लेखी मिळालं : 'वर्गात वारंवार झोपणे, समज देऊनही वर्तनात सुधारणा नसणे, इतर विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेवर परिणाम.' कागदावर न आलेलं कारण दहावीच्या मुलांचे पालक बरोबर ओळखतात. निकालानंतर फाटकावर जो फ्लेक्स लागतो त्यावर '१०० टक्के' लिहायचं असतं, आणि त्या आकड्याला ज्या पोराचा धोका वाटतो ते आधीच पटावरून उतरवलेलं सोयीचं पडतं. १७ नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा परिस्थितीनं सुटली त्यांच्यासाठी आहे. शाळेत येणाऱ्या मुलीची शाळा सोडवण्यासाठी तो काढलेला नाही.

तिला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाही अनावर झोप आणणारा मेंदूचा आजार आहे, असं मेंदूविकारतज्ज्ञांचं सही-शिक्क्याचं पत्र हे ठरवणाऱ्या शाळा समितीच्या बैठकीच्या बऱ्याच आधी शाळेच्या फायलीला लागलेलं होतं. बैठकीत ते कुणी उघडलं नाही. मी उघडायला सांगितलं तेव्हा समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, झोपेचा कुठं आजार असतो होय?"

असतो. कसा असतो ते मी इथं जाहीरपणे लिहिते आहे. शाळेचं नाव मात्र लिहीत नाही, कारण माझ्या मुलीला तिथंच शिकायचं आहे. शिवाय नाव घेतलं की बाकीच्या शाळा सुटल्यासारख्या होतील.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. त्यामुळे या पत्रात मी दोन नात्यांनी बोलते आहे, आई म्हणून आणि औषधं देणारी म्हणून. भावनेपेक्षा माहिती जास्त देईन, कारण त्या बैठकीत कमी पडली ती माहितीच.

नार्कोलेप्सी हे नाव १८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं. नाव मिळालं तरी कारण सापडायला शंभरावर वर्षं गेली. १९९८ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना मेंदूतलं एकच रसायन जवळपास एकाच वेळी मिळालं. एकीनं त्याला हायपोक्रेटिन म्हटलं, दुसरीनं ओरेक्सिन, आणि दोन्ही नावं आजही चालतात. पुढच्याच वर्षी डॉबरमन कुत्र्यांमधली नार्कोलेप्सी याच यंत्रणेतल्या बिघाडानं होते हे कळलं, आणि २००० साली माणसांचा उलगडा झाला. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या साधारण सत्तर हजार पेशी हे रसायन तयार करतात. हजारो कोटी पेशींच्या मेंदूत सत्तर हजार म्हणजे चिमूटभर. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत त्यातल्या बहुतेक पेशी मरून गेलेल्या असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असं बहुसंख्य संशोधक मानतात. या शोधासाठी एमानुएल मिन्यो आणि मासाशी यानागिसावा यांना २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला. एवढं सगळं ज्याच्यावर झालं, त्याला समितीनं 'वर्तन' म्हटलं.

हे रसायन जागेपणाच्या दाराची कडी आहे असं समजा. कडी गेली की दार वाऱ्यावर कधीही उघडतं, कधीही आपटतं. तुम्हीआम्ही झोपलो की स्वप्नांची झोप यायला तास-सव्वा तास तरी जातो. नार्कोलेप्सीच्या माणसाला ती अनेकदा पंधरा मिनिटांच्या आत गाठते. त्या झोपेत निसर्गानं एक सोय केलेली आहे. स्वप्नात आपण धावतो-ओरडतो तसं प्रत्यक्षात करू नये म्हणून अंगातले स्नायू ढिले पडतात. या आजारात ही सोय वेळीअवेळी लागू होते. माणूस पूर्ण जागा असतो आणि गुडघ्यातली ताकद जाते. किंवा डोळे उघडतात, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, आणि अर्धं स्वप्न डोळ्यांसमोर चालूच राहतं.

आता तुमच्या कामाचं. हा आजार बहुतेकांना दहा ते वीस वर्षं वयात सुरू होतो, म्हणजे पाचवी ते कॉलेज. दिवसाचे सहा-सात तास पोर एका जागी बसलेलं आणि समोर त्याच्याकडे बघणारं मोठं माणूस, असं ठिकाण वर्गच. घरी आम्हाला वाटतं, दमली असेल. तिच्याशेजारी त्याच वयाची पन्नास पोरं बसलेली तुम्हाला दिसतात, आम्हाला दिसत नाहीत. ती वेगळी आहे हे आमच्याआधी तुम्हाला दिसणार. परदेशांतल्या अभ्यासांवरून साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असावा असा अंदाज आहे. आपल्या राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुलं दहावीला बसतात. त्या अंदाजाचा चौथा हिस्सा धरला तरी एकेका वर्षात दीड-दोनशे मुलं होतात. लक्षणं सुरू झाल्यापासून नाव कळेपर्यंत आठ-दहा वर्षं जाणं हे या आजारात सर्रास घडतं. दहावी, बारावी, पहिली नोकरी, सगळं त्याच वर्षांत येतं.

झोपाळू पोर कुठल्या वर्गात नसतं, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबर म्हणाल. पहाटेचा क्लास, शाळा, संध्याकाळचा क्लास, गृहपाठ, मग मोबाईल. अशा पोराला झोप कमीच पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला तो याच काळजीनं, आणि तो योग्यच होता. पण झोप कमी पडलेल्या पोराला आठवडाभर पोटभर झोपू दिलं की ते ताळ्यावर येतं. नार्कोलेप्सीचं पोर रात्री नऊ तास अंथरुणात असूनही दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच तासाला मान टाकतं, आणि हे रोज, महिनोन्‌महिने चालतं. तीन महिन्यांहून जास्त असं दिसलं तर तो विषय मोबाईलवर ढकलून मोकळं होऊ नका.

ते पोर कुठं झोपतं तेही बघा. कंटाळवाण्या तासाला सगळेच पेंगतात. माझी मुलगी डबा खाता खाता, हातात घास असताना झोपलेली मी पाहिली आहे. एस.टी.त दांडीला धरून उभी असताना झोपलेली तिच्या मैत्रिणींनी पाहिली आहे. दहा-पंधरा मिनिटांची डुलकी झाली की ती खरोखर ताजी होते, दोन-एक तास वर्गातल्या कुणाहीइतकी हुशार असते, आणि एवढ्याशा डुलकीतही तिला अख्खं स्वप्न पडलेलं असतं.

मग वह्या. डोळे अर्धे मिटले तरी तिचा हात लिहीत राहतो. अक्षर ओळ सोडून उतरत जातं, शेवटी नुसती रेघ उरते. कधी मध्येच स्वप्नातलं वाक्य येतं. तिच्या भूमितीच्या वहीत प्रमेयाच्या सिद्धतेत तिसऱ्या पायरीला 'म्हशीला पाणी दाखवलं का' असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे म्हैस नाही. त्या पानावर शिक्षकांचा लाल शेरा आहे, 'थट्टा करतेस का?' तुम्ही रोज ढिगानं वह्या तपासता. अशी पानं एकाच पोराच्या वहीत पुन्हा पुन्हा दिसली, तर शेरा लिहिण्याआधी पालकांना बोलवा.

सगळ्यांत बोलकं लक्षण हसण्याचं. जोराचं हसू आलं, अचानक आनंद झाला, क्वचित राग आला किंवा दचकलं, की अंगातलं बळ जातं. कधी फक्त जबडा लोंबतो, बोलणं जड होतं, मान पुढे पडते. कधी गुडघे वाकतात आणि पोर खाली बसतं. काही सेकंदांत, फार तर दोन-एक मिनिटांत सगळं पूर्ववत. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. शुद्ध जात नाही, पोर सगळं ऐकत असतं. हे लक्षण आणि दिवसाची अनावर झोप एकत्र दिसली, तर दुसरा आजार शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येकाला कॅटाप्लेक्सी असतेच असं मात्र नाही. ती नसते त्याला दुसरा प्रकार म्हणतात, आणि तो ओळखणं आणखी अवघड.

लहान पोरांत कधी झोपेऐवजी उलटंच दिसतं. झोप परतवायला ती सारखी चुळबुळ करतात, चिडचिडी होतात, चेहरा सैल पडतो, जीभ बाहेर येते. आजार सुरू होताना थोड्या महिन्यांत वजन वाढलेलं पुष्कळांत आढळतं. माझ्या मुलीचंही वाढलं. झोपाळू आणि वर जाडी, म्हणजे 'आळशी' शिक्का मारायला पुरावा पूर्ण झाला.

आता तक्रारी. त्या माझ्या मुलीच्या शाळेबद्दल आहेत, पण वाचताना आपलीही शाळा तपासून बघावी.

पहिली शिक्षेची. झोपली म्हणून बाकावर उभं केलं, तोंडावर पाणी मारलं, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतो. तो चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू आहे, पण पंधरावं लागलं की मारायला मोकळीक मिळते असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. उभं केल्यानं ही झोप जात नाही. बाकावर उभी असतानाच तिला झोप लागली, ती पडली आणि हनुवटीला टाके पडले. शाळेच्या नोंदीत 'विद्यार्थिनी तोल जाऊन पडली' असं आहे.

दुसरी नावाची. 'कुंभकर्ण' हे नाव पोरांनी ठेवलं असतं तर मी पत्रात लिहिलंही नसतं, पोरं ठेवतातच. हजेरी घेताना एका सरांनी ते वापरलं. नार्कोलेप्सीचा माणूस चोवीस तासांत इतरांपेक्षा फार जास्त झोपत नाही. त्याची झोप तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते, दिवसा नको तिथं येते आणि रात्री हवी तिथं टिकत नाही. माझी मुलगी रात्रीतून कितीदा तरी जागी होते. तिला एक अखंड रात्र मिळाली तर आमच्या घरी सण साजरा होईल.

तिसरी खो-खोची, आणि ही मला सगळ्यांत लागलेली आहे. आमच्या भागात खो-खो म्हणजे काय ते सांगायला नको. मुलगी चपळ आहे, शाळेच्या संघात होती. सामन्यात तिनं समोरच्या संघाची चांगली खेळाडू बाद केली, आनंदानं ओरडायला गेली आणि जागच्या जागी खाली बसली. मान टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. मैदानावरच्या मोठ्या माणसांनी फिट आली म्हणून कांदा आणला. कांद्यानं होईना म्हणून तिच्या नाकाशी चप्पल धरली. ती सगळं ऐकत होती. कुणाची चप्पल, कोण काय बोललं, कोण हसलं, हे तिनं मला रात्री नावानिशी सांगितलं. मिनिटाभरात ती उठून उभी राहिली तेव्हा निकाल बदलला, 'फिट नाही, नाटक आहे'. दुसऱ्या दिवशी संघातून नाव गेलं. फिट आलेल्या माणसालाही चप्पल हुंगवायची नसते, हे शाळेत शिकवलं जायला हवं, तिथं ते प्रत्यक्ष केलं गेलं. आणि त्या दिवसापासून माझ्या मुलीनं हसणं आवरायला सुरुवात केली. विनोद चालू झाला की ती भिंतीला टेकते, नाहीतर उठून बाहेर जाते. पंधरा वर्षांच्या मुलीनं हसू येईल या भीतीनं मैत्रिणींपासून लांब बसावं, याची नोंद कुठल्या प्रगतिपुस्तकात होते?

चौथी. झोपेतून जाग येताना अंग आखडून जातं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, कोपऱ्यात माणूस उभा दिसतो, हे तिनं विश्वासानं एका बाईंना सांगितलं. तो अनुभव अधूनमधून निरोगी माणसालाही येतो, नार्कोलेप्सीत वारंवार येतो. बाईंनी मला फोन करून देवऋषाचा पत्ता दिला. 'बाहेरचं' झाल्याची कुजबूज आठवड्यात वर्गभर पसरली आणि तिच्या बाकावर बसायला मुली तयार होईनात. बाईंच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण शाळेनं निदान शाळेसारखं वागावं.

पाचवी गोळीची. तिला सकाळी मोडाफिनिल घ्यावं लागतं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. दप्तर तपासताना पाकीट सापडलं आणि 'पोरगी कसल्यातरी गोळ्या खाते' अशी बातमी झाली. ओघात सांगते, ही गोळी चिठ्ठीशिवाय मागायला माझ्या दुकानात येतात ती धडधाकट पोरं, रात्रभर अभ्यास करायला. मी त्यांना देत नाही. परीक्षेसाठी झोप मारणारं पोर कौतुकाचं आणि आजारासाठी तीच गोळी घेणारं संशयाचं, हा उलटा न्याय बघून हसावं की रडावं कळत नाही.

डॉक्टरांबद्दल एवढंच. आधी रक्त तपासलं, लोह दिलं, थायरॉईड बघितलं. ते योग्यच होतं, थकव्याची साधी कारणं आधी तपासायलाच हवीत. नंतर फिटची औषधं सुरू झाली, मग 'अभ्यासाचा ताण' म्हणून समुपदेशन. शेवटी पुण्यात झोपेच्या प्रयोगशाळेत निदान झालं. ती तपासणी काय असते हे पालकांसाठी लिहिते, कारण 'मशीन लावतात' एवढंच सगळीकडे ऐकायला मिळतं. आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायची. मग एक रात्र प्रयोगशाळेत काढायची. डोक्याला, डोळ्यांपाशी, हनुवटीला, पायांना तारा चिकटवून रात्रभर झोपेची नोंद होते. घोरण्यातून श्वास अडकण्यासारखा दुसरा विकार आहे का तेही त्यात कळतं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अशा पाच वेळा झोपायची संधी देतात, प्रत्येकी वीस मिनिटं. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोन किंवा जास्त वेळा झोप लागताच स्वप्नांची अवस्था आली, तर नार्कोलेप्सीकडे बोट जातं. नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर तपासणी फसू शकते, म्हणून ते आधी सांगायचं, मात्र औषध मनानं बंद करायचं नाही. आजार मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. झोप आवरणारी औषधं आहेत, कॅटाप्लेक्सी आवरणारीही आहेत, आणि या सगळ्यांच्या जोडीला लागते ती ठरलेल्या वेळची छोटी झोप. ती दुकानात मिळत नाही. ती फक्त शाळा देऊ शकते.

सहावी आणि शेवटची तक्रार कागदाची. 'दिव्यांग प्रमाणपत्र आणा, मग सवलतीचं बघू' असं आम्हाला सांगितलं गेलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यात नार्कोलेप्सीचं नाव स्वतंत्र नाही. दीर्घकालीन मेंदूविकारांचा गट आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन ही उदाहरणादाखल दिलेली आहेत. त्यामुळे माझ्या मुलीसारख्यांना प्रमाणपत्राच्या रांगेत कुठं उभं राहायचं हेच कुणी नीट सांगत नाही. पण ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात जे म्हटलं ते आपण वाचावं. त्या उमेदवाराचा हात लिहिताना आखडायचा. त्याची दिव्यांगता ४० टक्क्यांच्या मोजमापात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं तो द्यायला लावला, आणि गरजेप्रमाणे सोय करून देणं हे टक्केवारीवर अवलंबून ठेवता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगता असलेल्या, लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तेव्हा 'नियमात नाही' हे उत्तर यापुढे चालणार नाही.

मी काय मागते आहे ते आता सरळ लिहिते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

नार्कोलेप्सीचं निदान असलेल्या मुलाला शाळेच्या वेळात दोनदा, पंधरा ते वीस मिनिटं झोपायला जागा द्या. वाचनालयाचा कोपरा चालेल, आजारी मुलांसाठीचा बाक चालेल. एक डुलकी मधल्या सुट्टीत बसते, म्हणजे खरा प्रश्न एकाच तासातल्या वीस मिनिटांचा आहे. चुकलेला भाग मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेऊ द्या आणि त्याला गैरहजेरी धरू नका.

आजारावरून कुणाही मुलाला १७ नंबरच्या फॉर्मकडे ढकलू नका. पालकांनी स्वतःहून मागितला तर गोष्ट वेगळी. शिक्षणाधिकाऱ्यांनी दर वर्षी नववीनंतर दाखला काढलेल्या मुलांची यादी शाळेकडून कारणांसह मागवावी. शंभर टक्के निकालाच्या फ्लेक्सशेजारी ती लावली तर उत्तमच.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक तास झोपेच्या विकारांना द्या. फिट आली किंवा कुणी कोसळलं तर काय करायचं, हेही त्यातच शिकवा : डोकं सांभाळा, गर्दी हटवा, नाकातोंडाशी काही नेऊ नका, थांबा. कॅटाप्लेक्सी असेल तर पोर आपोआप उठेल, आणि तोवर त्याच्यासमोर काय बोलता याचं भान ठेवा. प्रयोगशाळेत बर्नरपाशी अशा मुलाला एकटं ठेवू नका, सहलीत पाण्याजवळ तर नकोच. खेळातून मात्र काढू नका. कधी बसायचं, कधी पळायचं ते त्याला कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये येतात, दात बघतात, डोळे बघतात, रक्त कमी आहे का बघतात. त्यांच्या तपासणीत दोन प्रश्न वाढवा. रात्री पुरेसं झोपूनही दिवसा रोज झोप येते का? हसताना अंगातली ताकद जाते का? दोन्हींना 'हो' म्हणणारं पोर जिल्हा रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांकडे, किंवा जिथं ते असतील तिथं पाठवा. हे आरोग्य खात्याचं काम आहे, पण मुख्याध्यापकांनी पत्र लिहून मागणी केली तर तिला वजन येईल.

परीक्षा मंडळाकडे मागणी एकच. तीन तासांच्या पेपरात नार्कोलेप्सीच्या विद्यार्थ्याला एक डुलकी घेता येईल एवढा वाढीव वेळ आणि लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक मिळावा, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांचं प्रमाणपत्र पुरेसं मानावं, आणि तसं स्पष्ट परिपत्रक काढावं. पर्यवेक्षकाच्या मर्जीवर ते सोडू नये. झोपलेल्या मुलीची उत्तरपत्रिका 'लिहीत नाही' म्हणून काढून घेतली जाईल, ही भीती डोक्यात ठेवून ती पेपर लिहू शकणार नाही.

आणि ज्या शाळेपासून हे पत्र सुरू झालं तिला : निदानाचं पत्र आपल्या फायलीत आहे. ते शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. 'वर्तनात सुधारणा नसणे' हा शेरा मागे घ्या आणि तसं लिहून द्या. दाखला आम्ही काढणार नाही. मुलगी शाळेत येते आहे, येत राहील. समितीला या आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर दुकान बंद करून मी येईन, डॉक्टरांचे सगळे अहवाल घेऊन येईन. २२ सप्टेंबरला जागतिक नार्कोलेप्सी दिन असतो. त्या दिवशी प्रार्थनेनंतर दहा मिनिटं दिलीत तर पोरांशीही बोलेन. त्यांना समजावणं मोठ्यांपेक्षा सोपं जाईल असा माझा अंदाज आहे.

१७ नंबरचे फॉर्म भरायची मुदत संपण्याआधी मला लेखी उत्तर हवं आहे. फोनवर नको, शिपायाकडून निरोप नको. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह.

कळावे,
आपली,
दहावीतल्या एका विद्यार्थिनीची आई
(जि. सांगली)